डोहातली वाम आणि दोन काठ्या

४ फरवर्दी १३५१ फसली, गंगाखेड
गळाची विलायती काठी आली! हैदराबादहून, रेल्वेनं. तीन तुकडे, पितळी जोड, दोर गुंडाळायचं चाक. जोडली की नऊ फूट. कचेरीत लक्ष कसलं लागतंय, दोन नकला चुकल्या. कुटुंब म्हणालं, "एवढ्या काठीनं शेळ्या वळायच्या का?" हसा म्हणावं. पाथरीला तबादला झालाय, येत्या शनिवारी, ११ला निघायचं. तिथं गावाला नदी नाही. म्हणजे हातात सुट्टीचा हा एकच जुम्मा. महादू भोई होडीतून डोहावर नेणार. तिथली वाम, सापासारखा लांब मासा, मांडीएवढी जाड, दोनदा माझा दोर तोडून गेली. तिला न काढता गेलो तर जन्माची चुटपुट.

५ फ.
महादूला काठी दाखवली. त्यानं भरलेली घागर शेंड्याला बांधली. "बसून उचला, मुन्शीजी. होडीत कुटं हुभं ऱ्हाता येतंय?" काठी वाकली, वाकली... घागर जागची हलेना. घाटावरच्या बायका फिदीफिदी. महादू: "लय देखणी हाय, पण ही तर मुजरा करायलीय. वाम लागली की शेपटी कपारीत घालती. पहिल्या झटक्याला उचलली तर आपली, न्हाईतर दगडाची. आखूड पायजे, ताठ पायजे." भोयाला विलायती काठीतलं काय कळतंय, असं पुटपुटत घरी आलो. जेवण गोड लागलं नाही. खरं बोलला, म्हणूनच राग.

७ फ.
कचेरी सुटल्यावर बुरूडगल्ली. भरीव बांबू, साडेपाच फूट. बुरडीण म्हणाली, "ह्यानं म्हैस बी हलती." चाक मात्र हैद.चंच बांधलं, तेवढी हौस. घागर उचलली!! निम्मं पाणी अंगावर. शेजाऱ्यांनी वेड्यात काढलं.

९ फ.
विलायतीचे पितळी जोड पुसत बसलो. जीव अजून तिच्यातच. पण महादू होडीत एकच काठी घेऊ देतो. उद्या कुठली? बांबू. नाही, बघू. बांबूच.

१० फ., जुम्मा
बांबू नेला. कपारीवर होडी धरली, गळाला बेडूक. दुपारी ओढ! "उचला, मुन्शीजी, उचला!" उचलली. डोकं पाण्याबाहेर, पिवळट, केवढं... मी पाहिलं, महादूनं पाहिलं. बांबू जरासुद्धा दबला नाही. आणि एकदम हलकं. गळच सरळ झाला होता, खिळ्यासारखा. मग महादू हसायला लागला. "काठी पास झाली. गळ लोहाराकडनं करून घिऊ. फुडल्या जुम्म्याला या."
पुढला जुम्मा!

११ फ.
सामान बांधलेलं, बैलगाडी दारात. मी आधी दरख्वास्त लिहिली: घरगुती अडचणीमुळे तबादला महिनाभर मुल्तवी व्हावा. कुटुंबाला वाचून दाखवली. तोंडाला पदर लावून म्हणालं, "अडचण किती हात लांब हाय?" दोन्ही हात पसरून दाखवले. पुरले नाहीत.
तहसीलदारसाहेब दौऱ्यावरून दुपारी येतील म्हणे. कचेरीच्या बाकड्यावर बसून हे लिहितोय. गाडीवान दुसऱ्यांदा येऊन गेला, बैल जुंपू का सोडू म्हणून.