कानातली नवी खोली

३ मार्च
उंदराच्या आतल्या कानाचं थ्री-डी चित्र महिनाअखेर तयार करायचंच. म्हणजे करायचंच! आमच्या लॅबच्या मॅडमनी स्पष्ट सांगितलंय, तीस तारखेच्या मीटिंगमध्ये दाखवण्यासारखं काही असेल तर लेसरचा मायक्रोस्कोप पुढच्या वर्षी माझ्याकडे, नाहीतर चष्मेवालीकडे. चष्मेवाली म्हणजे माझी ज्युनिअर. मला काडीची चिंता नाही. एक कान तयार करायला ती अख्खा महिना घालवते.

५ मार्च
बायकोचं टुमणं पुन्हा सुरू. बाबांना कानाचं मशीन घेऊन द्या. बाबा दोन गल्ल्या सोडून राहतात आणि त्यांचं ठरलंय, मशीन नको. मुलगा कानावरच संशोधन करतोय, त्याचं होऊ दे, तोवर थांबतो, असं सगळ्या नातेवाइकांना सांगून बसलेत. मी म्हटलं, बरोबरच आहे त्यांचं. बायकोने पातेलं असं आपटलं की दोन गल्ल्यांपलीकडे बाबांनाही ऐकू गेलं असेल.

९ मार्च
कान मसुराएवढा. त्यात शंखासारखी वेटोळी नळी. आधी हाड मऊ करायचं, मग द्रावणात ठेवून काचेसारखं पारदर्शक. मग लेसरचा पातळ पडदा त्यातून सरकवत थर न् थर टिपायचा, कॉम्प्युटर ते जोडून चित्र उभं करतो. सुरी लावायलाच नको. फक्त सोपस्कार फार. नळीतली हवा निघावी म्हणून कान रात्रभर व्हॅक्यूममध्ये ठेवतात. चष्मेवाली न चुकता ठेवते. घाबरट लोकांची कामं! मी बाटलीला दोन टिचक्या मारल्या. भागलं.

१२ मार्च
बाटली रिकामी दिसली म्हणून सिंकमध्ये ओतली. रिकामी नव्हती. कान फारच पारदर्शक झाला होता. म्हणजे माझी पद्धत उत्तम आहे. दुसरा कान तयारच आहे. यापुढे बाटलीवर चिठ्ठी लावायची.

१४ मार्च
चिठ्ठी लावायची राहिली. आता तिसरा कान, पुन्हा दोन टिचक्या.

१९ मार्च, दुपारी १
सापडलं! शंखाच्या वरच्या वेढ्यात एक गोल, काळी, गुळगुळीत पोकळी. एकाही पुस्तकात नाही. कानात एक नवी खोली आहे आणि आजवर कुणाच्या बापाला पत्ता नव्हता! नाव अर्थातच माझ्या आडनावावरून. आडनाव जरा लांबलचक आहे, सवय होईल लोकांना.
चष्मेवालीने चित्र बघून विचारलं, सर, व्हॅक्यूमला ठेवला होता ना? जळते, दुसरं काय.

१९ मार्च, संध्याकाळी
बाबांकडे जाऊन सांगितलं. पहिल्यांदा ओरडून, मग बेंबीच्या देठापासून. तिसऱ्या खेपेला कळलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी. मग उठले आणि शेजाऱ्यांना सांगायला गेले. शेजाऱ्यांनी आधीच ऐकलं होतं.

२३ मार्च
पुन्हा चित्र घेतलं. कान चुकून उलटा बसला. खोली आता खालच्या वेढ्यात! बायकोने दोन्ही चित्रं शेजारी ठेवून विचारलं, कान कसाही ठेवला तरी खोली वरच्याच अंगाला कशी असते? तिचं शिक्षण कॉमर्सचं. मला मात्र एकदम उजेड पडला. खोली हलते! मेलेल्या कानात हालचाल! हे तर पहिल्यापेक्षा मोठं.

२७ मार्च
कॉम्प्युटर दोनदा बंद पडला. प्रिंटर निळा रंग देत नाही. स्टोअरवाला म्हणतो मार्चअखेर आहे, आता काही मागू नका. या असल्या वातावरणात मोठं काम करायचं म्हणजे वैताग आहे नुसता. चष्मेवालीचा कान अजून व्हॅक्यूममध्येच. बिचारी.

३० मार्च
बोलायला छान बोललो. मॅडमनी बाटली मागितली. कॅमेऱ्याखाली धरली, सगळ्यांना दिसावं म्हणून पडद्यावर लावली आणि हळूच उलटी केली. खोली निघाली आणि नळीतून सरपटत वर आली. मॅडमनी बाटली सुलटी केली. खोली परत फिरली. मग त्यांनी टिचकी मारली. (मी मारल्या होत्या त्यापेक्षा जोरात. हे मी तिथेच बोललो.) खोली कानातून बाहेर पडली, वर गेली आणि फुटली. आडनावासकट.
कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. चष्मेवाली तर मान खाली घालून बसली होती. मायक्रोस्कोप तिला.

३१ मार्च, संध्याकाळी ५
बाबांना सांगणं भाग होतं. तोंडावर ओरडून सांगायचा धीर होईना, म्हणून साध्या आवाजात पुटपुटलो. नाहीतरी त्यांना ऐकू येत नाही, आपलं मन हलकं होतं. म्हटलं, बाबा, खोलीबिली काही नव्हती. हवेचा बुडबुडा होता. मी आळस केला म्हणून राहिला. मायक्रोस्कोपही हातचा गेला. तुम्ही उगाच थांबलात माझ्यासाठी.
बाबा पेपर वाचत होते. पेपर बाजूला ठेवला, शाब्बास म्हणाले, पाठीवरून हात फिरवला. काहीही ऐकू गेलं नाही. सुटलो. एप्रिलपासून जोमाने कामाला लागायचं, एखादं नवीन काहीतरी सापडलं की मग सावकाश सांगू.

३१ मार्च, रात्री ८
जेवताना बायकोने सांगितलं. बाबांना ती गेल्याच आठवड्यात कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली होती. मशीन एवढंसं आहे, कानाच्या आत बसतं, बाहेरून दिसतसुद्धा नाही. आता त्यांना पंख्याची कुरकुरही ऐकू येते म्हणे.