ट्रेलर सोडून बाकी सर्व

मी, भानुदास एकनाथ मेश्राम, वय बासष्ट, मूळचा नागपूरचा, सध्या ॲरिझोनातील नवाहो रिझर्वेशनवर, म्हणजे नवाहो आदिवासींच्या राखीव प्रदेशात, राहणारा, पवनचक्क्या दुरुस्त करणारा निवृत्त इंजिनीअर, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवतो. मन शांत आहे असं मात्र लिहिता येत नाही.

१. जमीन. माझी नाही. ती नवाहो राष्ट्राची; वहिवाट शेजारीण एल्सी बेनालीची, तिच्या आईकडून आलेली. एल्सीने मला भाऊ मानलं म्हणून माझा ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं घर, तिथे उभा आहे. पूर्वेकडे पिस्कॅटवे गावी राहणारे माझे धाकटे बंधू सुभाष यांनी ‘प्लॉट’साठी फोन करू नये.

२. ट्रेलर. तो आमच्या चॅप्टरला, म्हणजे वस्तीच्या सभेला, द्यायचा होता. म्हाताऱ्यांना दुपारी बसायला. पण ज्या घरात माणूस मरतो तिथे इथले लोक पुन्हा पाऊल ठेवत नाहीत. मेलेल्याची वस्तूही वापरत नाहीत. म्हणून छातीत जरा दुखलं की मी हातातलं टाकून बाहेर बाकावर जाऊन बसतो. डिसेंबरातही.

मरणाचं नाव काढलेलं चालत नाही, तेव्हा सभेत मी ‘एक म्हातारा प्रवासाला निघणार आहे’ असं मांडलं. हात वर करण्याआधी प्रत्येकाचं बोलून व्हावं लागतं. एक आजी ‘नको’ म्हणाली. विषय पुढच्या सभेवर गेला. पुन्हा पुढे गेला. तिसऱ्या सभेत एल्सी उठली.

“भाऊ, तो म्हातारा आतच गेला तर?”

“बाहेर जाईल.”

“वेळेवर? माझी पवनचक्की त्याने दोन उन्हाळे लटकवली होती.”

सभा हसली. आजी हसली नाही. म्हणाली, “जिवंत हाताने दे. मग चालेल.” त्यावर कुणाचं काही म्हणणं उरलं नाही. ठराव झाला.

सबब ट्रेलर या मृत्युपत्रात नाही. दुरुस्तीची हत्यारंही नाहीत, ती एल्सीच्या मुलांनी काल नेली. ती मुलं मला मामा म्हणतात. शब्द मीच शिकवला.

३. बचत. पुतणी नीला हिला. अट एक: चॅप्टरच्या एका सभेला सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसणे. फोनवर ती म्हणाली, “काका, आय वोन्ट अंडरस्टँड अ वर्ड.” समजायची गरज नाही. कुणी कुणाला मध्येच तोडत नाही, एवढं बघ. शेवटी मटणाचा रस्सा मिळतो.

४. सुभाषला त्याने मला भेट दिलेला टाय परत. गेल्या थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला तो म्हणाला होता, “कसलं सेल्फ-गव्हर्नमेंट, यार, पैसा तर वॉशिंग्टनचा.” त्याचं उत्तर आता देतो. पैसा कुठूनही येवो, पाण्याचा पाइप आधी कुणाच्या मेंढ्यांपर्यंत न्यायचा हे आम्ही बसून ठरवतो.

५. देह. दहन अल्बुकर्कीला. अस्थी सुभाषने न्याव्यात आणि त्रिशरण-पंचशील पिस्कॅटवेत म्हणावं. वस्तीवर फोटो नको, हार नको. माझं नाव कुणी घेणार नाही. तो अपमान समजू नये.

वस्तीतल्या कुणाला साक्षीला बोलावलेलं नाही. एल्सीने मला इथे गॅलप शहरापर्यंत आणलं, पण ती ट्रकमध्येच बसून आहे. “तुझं ते काम उरक,” एवढंच म्हणाली.

ट्रेलरची किल्ली आज संध्याकाळी चॅप्टरला देतो. त्यानंतर मी राहायचं कुठे, हा विषय पुढच्या सभेपुढे आहे. आजीला त्यावर बोलायचं आहे, असं कळतं.

सही: भानुदास एकनाथ मेश्राम

आमच्यासमक्ष सही केली:
डॉ. विवेक त्र्यंबक सोमकुवर, गॅलप
सुचित्रा विवेक सोमकुवर, गॅलप

गॅलप, न्यू मेक्सिको
१४ नोव्हेंबर १९८६