जुनी चावी बंद

३ फेब्रुवारी, मंगळ.
गाडीची चावी सापडत नाही. पर्स, फ्रिजवरचा डबा, देवघर, कपाट. कचऱ्याचा डबासुद्धा उपडा केला. रविवारी मुलगा-सून, प्रशांत-मनीषा, जळगावहून आले होते तेव्हा टीव्हीजवळ होती, नक्की. गाडी जुनी घेतली तेव्हापासून एकच चावी. तीही रिमोटची, आत चिप. नुसती घासून केलेली चालत नाही.
आज अक्काचं डायलिसिस. दर मंगळ.-शुक्र. मीच सोनगीरला जाऊन तिला इथे धुळ्याला आणते. फोनवर म्हणाली, "नको येऊ तू, मी बसमा जासू." बहात्तर वर्षांची माझी बहीण, सुजलेले पाय, बसच्या पायऱ्या. परतताना स्टँडवर तासभर बसून होती. मी रिक्षाने पोचले तोवर तिची बस लागलेली. चिडले होते, ते तिच्यावरच काढलं.

४ फेब्रु., बुध.
शोरूम. काउंटरवरची मुलगी गोड बोलते, काम शून्य. आरसी आणा, आधार आणा, चावी हरवल्याची पोलिसांची नोंद आणा, गाडी इथे आणा. म्हटलं, चावी असती तर आणली असती. "टो करून आणा ना मॅडम." मग चावी मागवणार. तीन आठवडे, "किंवा जास्त".
पोलीस स्टेशन. "कुठे हरवली?"
"ते माहीत असतं तर हरवली कशाला असती?"
हवालदाराने पेन खाली ठेवलं. चार वाजता या. चार वाजता गेले. म्हणे, हे ऑनलाइन करा.
सरकारी दवाखान्यात इतकी वर्षं नर्स होते, पेशंटला असं कधी परत पाठवलं नाही. पाठवलंही असेल. आता आठवत नाही.
प्र.ला फोन केला. "मिळेल गं आई. घाई काय आहे?" एरवी हाच मुलगा गॅस बंद केला का म्हणून दोनदा विचारतो.

५ फेब्रु., गुरु.
शेजारच्या पाटीलभाऊंनी चावीवाल्याचा नंबर दिला. जुबेरभाई. पन्नाशीचे, चष्मा दोरीने गळ्यात. तारेने दार उघडलं पाच मिनिटांत (म्हणजे कुणीही उघडेल). स्टीअरिंगखाली वायर जोडून लॅपटॉप घेऊन बसले. दोन तास. किल्ली कापली ती दाराला लागते, पण गाडी तिला ओळखत नाही. चिप वेगळी निघाली. "नाशिकहून मागवतो, परवा येतो ताई."
म्हणजे उद्याचा शुक्रवार गेला.

६ फेब्रु., शुक्र.
अक्का परत बसने. दवाखान्यात तिच्याजवळ बसले.
संध्याकाळी मनीषाचा फोन. आवाज दबका. "आई, तुम्ही उगाच शोधताय, मला बघवत नाही. चावी ह्यांच्याकडे आहे." प्र.ने नेली. विचारून नाही, सांगून नाही. शाळेतल्या पोरीचा मोबाइल काढून घेतात तशी.
अक्काला फोन लावला. ती म्हणाली, "बठ्ठं सांगी दिनं मी त्याले. माले भ्याव वाटस."
बठ्ठं, म्हणजे सगळं, काय ते इथे मी लिहिलं नव्हतं. आज लिहिते. जानेवारीत अक्काला घ्यायला गेले, तिला घेऊन हायवेला लागले. पुढची दोन-तीन सेकंदं माझ्याकडे नाहीतच. भानावर आले तेव्हा गाडी दुभाजकाला खेटून चाललेली आणि अक्का माझा दंड धरून, "काय व्हयनं तुले?" म्हटलं, डुलकी लागली. डुलकी नव्हती. डुलकी आणि ते, यातला फरक मला कळतो. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर त्याच दिवशी हाताला धरून डॉक्टरकडे नेलं असतं.
पण चोरून न्यायची? चार दिवस मी कचरा उपसतेय आणि हा म्हणतो मिळेल.

७ फेब्रु., शनि.
जुबेरभाई आले. नको म्हणून परत पाठवता आलं असतं. नाही पाठवलं.
या वेळी चिप बरोबर. मध्येच थांबले. "ताई, एक सांगतो. जुनी चावी समोर नाही, त्यामुळे ती बंद पडणार. उद्या सापडली तरी गाडी चालू होणार नाही. करू?"
"करा."
किती पटकन म्हटलं मी.
बटण दाबलं, चारही दिवे लुकलुकले. गल्लीत एक चक्कर मारली. दुसऱ्या गिअरमध्ये.

९ फेब्रु., सोम.
प्र. संध्याकाळी बसने आला. उद्याची रजा टाकून. चावी टेबलावर ठेवली, "चुकलं माझं," म्हणाला. उद्या अकराला डॉक्टरांची वेळ घेतलीय, सकाळी मावशीला तो आणणार. हे सगळं नीट बोलला. मग चावी उचलून गाडी पुसून ठेवतो म्हणत अंगणात गेला. मी खिडकीतून बघत होते. बटण दाबतोय. परत दाबतोय. परत. सांगायला हवं होतं.
शेवटी बाहेर जाऊन नवी चावी त्याच्यासमोर धरली.
म्हणाला, "मला विचारायचं तरी."
"तू विचारलंस?"
जेवला नाही नीट. शेवग्याची भाजी मुद्दाम केली होती.

१० फेब्रु., मंगळ. सकाळी ५.४०
प्र. हॉलमध्ये झोपलाय. वडिलांसारखाच, हात कपाळावर. साडेपाचला उठव म्हणाला होता.
डॉक्टरकडे जाणार आहे मी. ते ठरलंय. ते काय म्हणतील तेही साधारण माहीत आहे. गाडी बंद म्हणतील. सहा महिने, कदाचित कायमची. मग अक्काला कोण आणणार? दर आठवड्याला दोन दिवस याला रजा कुठून मिळणार? यावर काल कुणीच बोललं नाही.
सोनगीरपर्यंत वीस-बावीस किलोमीटर. या वेळी रस्ता मोकळा असतो.
उठवायला म्हणून दोनदा गेले. दोनदा परत आले. गाडीची काच पुसून झाली. नवी चावी माझ्याकडेच आहे. फाटक उघडून ठेवलंय. त्याला अजून हाक मारलेली नाही.