रकाना नऊमधील नाव बदलण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
मलावी सरकारचे मानसोपचार रुग्णालय,
सरोवर विभाग.

अर्जदार : श्रीमती एनिफा चिम्वाझा, रा. चिम्बेंडे गाव. सध्या मुक्काम रुग्णालयाच्या आवारातील नातेवाइकांची शेड.

विषय : माझा मुलगा लिंबानी (पुरुष कक्ष, खाट १४) याच्या केसपेपरातील रकाना ९ दुरुस्त करणेबाबत व त्याच्या सोबतीस माझ्याऐवजी दामियानो म्पिंगा यास ठेवणेबाबत.

संदर्भ : १) दाखल करतेवेळी मी दिलेली तोंडी माहिती, जी खोटी होती.
२) फाटकावरील सूचना : "रुग्णास व्यसन लावणाऱ्या व्यक्तीस आत सोडले जाणार नाही."

महोदय,

सविनय सादर करते की, गेल्या महिन्याच्या नऊ तारखेस मी लिंबानीला येथे दाखल केले. त्याला जवळ कोणी नसताना आवाज ऐकू येतात, आणि ते गप्प बसावेत म्हणून तो कचासू पितो. आधी आवाज की आधी दारू, हे डॉक्टरसाहेबांनाही नक्की सांगता आलेले नाही. माहिती भरून घेताना कारकून श्री. न्यिरोंगो यांनी रकाना ९ वाचला, "दारूची सवय कोणी लावली?" मी एका दमात सांगितले, "मित्राने. दामियानो म्पिंगा." तेव्हा दामियानो दारातच सायकल धरून उभा होता. त्याच सायकलवर, लिंबानीला चादरीने स्वतःच्या पाठीशी बांधून, त्याने तीस किलोमीटर आणले होते. त्याने ऐकले आणि मान खाली घातली. बाहेर आल्यावर मला एवढेच म्हणाला, "राहू दे आई, माझंच नाव. तुला त्या चर्चच्या मंडळातल्या बायका जगू द्यायच्या नाहीत." त्या दिवसापासून त्याला फाटकाच्या आत सोडत नाहीत.

महोदय, खरी हकीकत पुढीलप्रमाणे आहे. नवरा वारल्यापासून मी घरी कचासू गाळते. प्याला पाहुण्याच्या हाती देण्याआधी घरातल्या माणसाने त्यातला एक घोट घ्यायचा, म्हणजे त्यात विष नाही की चेटूक नाही अशी खात्री पटते, ही रीत आपणांस मी सांगायला नको. मी चर्चच्या महिला मंडळाची चिटणीस. दारू गाळली तर मंडळ डोळेझाक करते, जिभेला लावली तर सभासदत्वाचा पांढरा ब्लाउज काढून घेते. म्हणून पहिला घोट लिंबानीने घ्यायचा. तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. गिऱ्हाईक विचारी, "काय रे, आज मरायचं नाही ना?" हा तोंड वाकडं करून म्हणे, "मी उभा आहे ना अजून?" सगळे हसत आणि मीही हसत असे. शनिवारी वीस-वीस प्याले जात आणि प्रत्येकात त्याचा एक घोट असे. माझे ओठ कोरडे राहिले याचा मला अभिमान होता. तो अभिमान मी चौदा वर्षे बाळगला.

आता आजारही नेमका तिथेच येऊन बसला आहे. अन्नात विष आहे असे त्याला वाटते. मी शेडमध्ये मक्याच्या पिठाची न्सिमा रांधते, सुकी मासळी भाजते, त्याच्यासमोर पहिला घास खाते. तो बघत राहतो आणि म्हणतो, "तू कधी पहिला घोट घेतलास, आई, की आज घेतेयस?" गोळ्याही तो थुंकतो. मंगळवारी त्याची खात्री पटावी म्हणून मी त्याची एक गोळी त्याच्या देखत गिळली. हा नियमभंग मी कबूल करते. मी दुसऱ्या दिवशी दुपारी शेडमध्ये जागी झाले, तेव्हा शेजारणी माझ्यासाठी प्रार्थना म्हणत होत्या. लिंबानीने कक्षात सगळ्यांना सांगितले होते, "बघा, मी म्हणत नव्हतो, विष आहे?" आता तर तो पाणीही जेमतेम पितो. परिचारिकाबाई सोमवारपासून नाकातून नळी घालणार आहेत. त्याचे हात खाटेला बांधावे लागतील, असेही त्या म्हणाल्या. सांगताना त्यांनाही वाईट वाटत होते.

गेल्या शनिवारी लिंबानी आवारात बसलेला असताना दामियानो कुंपणापलीकडे आला. त्याने उकडलेले रताळे काढले, अर्धे स्वतः खाल्ले आणि अर्धे तारांवरून आत टाकले. लिंबानीने ते मातीसकट खाल्ले आणि आणखी मागितले. तेवढ्यात पहारेकऱ्याने दामियानोला हुसकावले. पहारेकऱ्याची चूक नाही. त्याच्या कागदावर मी दिलेलेच नाव होते.

दुरुस्तीसाठी मी श्री. न्यिरोंगो यांना तीन वेळा भेटले. ते म्हणाले, "मावशी, छापील फॉर्ममध्ये मित्र, सहकारी, पती-पत्नी आणि इतर, एवढंच आहे. आई हा पर्याय नाही. फार तर 'इतर'वर खूण करतो." मी त्यांना सांगितले की मी इतर नाही. त्यांनी पेन खाली ठेवले आणि साहेबांकडे लेखी अर्ज द्या म्हणाले. त्यावरून हा अर्ज.

सबब नम्र विनंती की, रकाना ९ मधील दामियानो म्पिंगा हे नाव खोडून तेथे "आई, एनिफा चिम्वाझा" असे लिहावे. छापलेले नसल्यास हाताने लिहावे. त्यानंतर फाटकावरचा नियम ज्याला लागतो त्यालाच लावावा, आणि मला आत सोडू नये. सोबत माणूस असल्याशिवाय रुग्णाला ठेवत नाहीत हे मला ठाऊक आहे. दामियानो सोमवारी पहाटेपासून फाटकाशी उभा असेल. तो दारू पीत नाही, हे मी दाखल करतानाही जाणून होते. मी कुंपणापलीकडे आंब्याखाली बसेन. तेथून खाट १४ ची खिडकी दिसत नाही, तरी माझी त्याबद्दल तक्रार नाही.

लिंबानी जेवला की कोणीतरी मला तेवढे कळवावे.

आपली नम्र,
एनिफा चिम्वाझा
(रकाना ९ मधील व्यक्ती)

दिनांक : १४ जून, शुक्रवार

सोबत :
१) महिला मंडळास दिलेल्या कबुलीपत्राची प्रत.
२) पातेले, परात व घोंगडी, प्रत्येकी एक, दामियानोच्या वापरासाठी.
३) पत्र्याचा प्याला, नग एक. हा घरचाच आहे, लिंबानी ओळखेल. यातून दामियानोने आधी एक घोट पाणी प्यावे, आणि मग त्याला द्यावे.