चुलवाणाच्या तोंडाशी ऐकलेली हाक

आबा, आज सकाळपासून मी एका इंग्रजी शब्दापाशी अडून बसले आहे. शब्द आहे ग्लो. इंजिन आणि यष्टी सोडली तर तुमच्या तोंडात बसलेला हा एकच इंग्रजी शब्द, म्हणून तुम्हाला तो नव्यानं सांगायला नको. कॉलेजात इंग्रजी शिकवण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं, आणि आता खेड्यातल्या पोरांसाठी एक छोटा शब्दकोश करायचं काम अंगावर घेतलंय. सोबत काम करणारे सर म्हणतात, "मॅडम, चमकणे लिवा आणि फुडं चला की. अजून सगळी एबीसीडी पडलीया." सरांचं काही चुकत नाही, पण चमकणे लिहायला माझा हात धजत नाही. या शब्दावर तुमची आणि माझी एक गोष्ट राहून गेली आहे आणि ती तुम्हाला सांगायची तीस वर्षं मी टाळत आले.

शाळेतून येताना माझी यष्टी माळावरच्या गुऱ्हाळापाशी थांबायची. घरी एकटीनं जाण्यापेक्षा तुमचं काम संपेपर्यंत मी तुमच्याजवळ बसायचे. वर काहिलीत उसाचा रस उकळतोय, काहिलीशी गूळ काढणारे गुळव्यामामा उभे आहेत, आणि खाली, भिंतीच्या पलीकडच्या खड्ड्यात, चुलवाणाच्या तोंडाशी तुम्ही वाळलेली चिपाडं आत सारताय. तुम्हाला काहील दिसत नाही आणि मामांना जाळ दिसत नाही. सगळा कारभार हाकेवर. रस गुळावर आला की मामा वरून ओरडणार, "जाळ बास!" आणि तुम्ही त्याच क्षणी हात थांबवून आतला जाळ मागं ओढणार. जरा उशीर झाला तर अख्खं आदण, म्हणजे काहिलीतला सगळा रस, करपून काळं पडायचं. तुमचं आदण कधी करपलं नव्हतं. पंचक्रोशीत गुळाला रंग यावा तर तुमच्या जाळाचा, असं खुद्द मामा म्हणायचे, आणि मामांनी कुणाला चांगलं म्हणणं म्हणजे कावळ्यानं घास ठेवून जाणं.

तुमचा डावा कान चरकाच्या इंजिनाच्या आवाजानं गेला होता आणि उजवाही त्याच वाटेवर होता. हे फक्त आईला ठाऊक होतं आणि मला. म्हणून आपलं ठरलेलं होतं. मी उजव्या अंगाला बसायचं, वह्या उघडायच्या, आणि वरून हाक आली की तुमच्या गुडघ्यावर हात ठेवायचा. दुसऱ्या दिवशीच्या अभ्यासापेक्षा मला त्या कामाचाच अभिमान जास्त होता. बोलायचो मात्र आपण बापलेक काहीच नाही. तुम्ही बोलणारे नव्हताच. मी कितवीत आहे हेसुद्धा तुम्ही आईला विचारायचा.

त्या दिवशी ऊन कलत आलं होतं. दुसऱ्या दिवशी चाचणी होती म्हणून मी शब्दार्थ घोकत होते, ग्लो म्हणजे चमकणे, ग्लो म्हणजे चमकणे. तुम्ही चिपाडं सारता सारता माझ्याकडं वळून विचारलंत, "काय गं त्ये? गुलो?"

"ग्लो, आबा. चमकणे."

"चमकतंय म्हंजी कसं? घासल्याल्या तांब्यावानी?"

मी पुस्तकात बघितलं. तिथं इंग्रजीत अजून थोडं लिहिलेलं होतं. "न्हाय. जाळ नसताना जे उजळतंय ते. तापल्यावर."

तुमचे हात थांबले. तुम्ही लांब काठीनं चुलवाणाच्या कडेची राख सारलीत आणि खालचे निखारे दाखवलेत. "मग ह्यो इंगळ बघ. जाळ आरडतोय नुस्ता. जाळ बसला की इंगळ फुलतोय आनि मग खरी धग. तुझं ते इंग्रजी मानूस बी चुलीपाशी बसल्यालं दिसतंय." असं म्हणून तुम्ही हसलात. मग विचारलंत, माणसाच्या तोंडावरच्या तेजाला हाच शब्द चालतो का? मी म्हटलं, चालतो. मावळतीच्या आभाळाला? चालतो. आणि काजव्याला? काजव्याच्या तर इंग्रजी नावातच, ग्लोवर्ममध्ये, तो आहे म्हटल्यावर तुम्हाला इतका आनंद झाला, जणू काजवा आपल्याच भावकीतला. माझ्या चौदा वर्षांत तुम्ही मला इतके प्रश्न विचारले नव्हते.

मग वरून लोक पळत आले. आदण करपलं होतं. मामा खड्ड्याच्या काठावर उभे राहिले. त्यांनी विचारलं, "काय झालं रं?"

"डोळा लागला," तुम्ही म्हणालात. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाहीत.

"चुलवाणाच्या तोंडाशी झोपतोय त्येला मी माझ्या काहिलीखाली बसवत न्हाय," मामा म्हणाले आणि वर गेले. त्यांनी तुम्हाला ते काम हाताला धरून शिकवलं होतं. उरलेला हंगाम तुम्ही उसाच्या मोळ्या वाहिल्यात. पुढच्या वर्षी म्हशी धरल्यात, आणि चुलवाणापाशी परत कधी बसला नाहीत. चहाच्या टपरीवर लोक विचारायचे, "काय पावणं, लागला का डोळा?" तुम्हीही त्यांच्यात हसायचा. मी जवळ असले की जरा जास्तच हसायचा. आईनं एकदा मला, हाक ऐकू आली नव्हती का, असं विचारलं तेव्हा तुम्ही मधेच म्हणालात, "पोर बोलत हुती, तिला तरी कसं ऐकू जानार?" तुम्ही गेलात तेव्हा स्मशानात मामांनीच तुमच्या पायांशी वाकून म्हटलं, "आता मातुर खरंच डोळा लागला की रं तुझा." ते रडत होते. मला त्यांच्यापाशी जाऊन सांगायचं होतं की हा माणूस कधीच झोपला नव्हता. मी गेले नाही.

चाचणीत तो शब्द आला होता, हे मी तुम्हाला सांगितलं नाही. मी 'इंगळ फुलणे' लिहिलं आणि बाईंनी लाल रेघ मारून बाजूला चमकणे लिहिलं. आज माझ्या टेबलावर जाडजूड ग्रंथ आहेत आणि ते तुमच्या बाजूचे आहेत. ग्लो हा फार जुना शब्द. तापलेल्या कोळशाच्या उजेडासाठीच तो पहिल्यांदा वापरात आला. गालांची लाली, मनातलं समाधान, हे सगळं त्याला नंतर चिकटलं. जाणकार त्याचं मूळ आणखी मागं नेतात, पिवळ्या-सोनेरी झळाळीच्या एका शब्दापर्यंत. इंग्रजीतलं सोनं त्यातूनच आलं म्हणतात आणि आपल्याकडची हळदही बहुधा त्यातलीच. तुमचा हात पोळला की आई हळद भरायची, ते आठवून मला उगीचच हसू आलं. तुम्हाला हे ऐकायला फार आवडलं असतं. तुम्ही अजून दहा प्रश्न विचारले असते.

गेल्या महिन्यात कागलच्या रस्त्यावर एका गुऱ्हाळापाशी मी गाडी थांबवली. आता वर बटण दाबलं की खाली चुलवाणापाशी लाल बल्ब लागतो. जाळ घालणारा माणूस कानात वायर घालून गाणी ऐकत बसला होता. बल्ब लागला, त्यानं जाळ ओढला, झालं. बाहेर येऊन मी रस न पिताच निघाले.

कोशात मी 'निखारा फुलणे' हाच अर्थ पहिला घातलाय. सर कुरकुरले, पण राहू दे म्हणाले. हे पत्र मात्र कुठं जाणार नाही. आई आता थकली आहे, तिला वाचून दाखवायचीही माझी हिंमत नाही, आणि मामा तर केव्हाच गेले. तरी एवढं लिहून ठेवते. त्या दिवशी मामांची हाक मला ऐकू आली होती. एकदा नाही, दोनदा. पहिल्या हाकेला मी हात उचललाही होता. पण तुम्ही तेव्हा काजव्याचं विचारत होता, आबा, आणि मी तो हात तुमच्या गुडघ्यावर ठेवला नाही.