जहाजाला हुकूम देता येतो

प्रिय धाकटे,

तुला पत्र लिहायची वेळ कधी आली नव्हती. दोघी एकाच गल्लीत राहायचो, खिडकीतून हाक मारली की भागायचं. आता तू सासूबाईंकडे जाऊन राहिलीस, माझा फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. फाडायचा असेल तर फाड, पण आधी वाच. रडगाणं गाणार नाही. ते मला जमेनासंच झालंय.

इकडची खबर अशी. तुमच्या घराच्या काचा बसवून घेतल्या. काचवाला म्हणत होता, साऱ्या वस्तीचं काम अंगावर पडलंय, जेवायला फुरसत नाही. चावी माझ्याकडे आहे. मधूनमधून जाते, खिडक्या उघडते, नळ थोडा वेळ सोडून ठेवते. तुझ्या मास्तरचे बूट दाराशीच आहेत. त्यांच्यावरची धूळ झटकते आणि पुन्हा तिथेच ठेवते. हलवायचे का, ते तू ठरव. माझा डावा कान अजून बधिर आहे. डॉक्टर म्हणाले, दणका बसलाय, येईल हळूहळू ऐकू. मलाही घाई नाही. ऑफिसातले लोक आता वळसा घालून उजव्या बाजूला येतात आणि आजाऱ्याशी बोलावं तसं हळू बोलतात, म्हणजे तो वळसा फुकटच जातो. रस्त्यात अनोळखी माणसं थांबवतात, तुमच्यामुळे गाव वाचलं म्हणतात. मी मान हलवते आणि भाजी घ्यायला पुढे जाते. मला झोप लागते. जेवणही जातं. त्याची कधी कधी भीती वाटते, पण तीही दुसऱ्या कुणाची असल्यासारखी, भिंतीपलीकडून.

त्या दिवसाबद्दल तू दहा तोंडांतून ऐकलंस, माझ्याकडून मात्र एकदाही नाही. तुला आठवतं, मी बंदराची सुरक्षा अधिकारी झाले तेव्हा बाबांनी माझे अधिकार मोठ्याने वाचून दाखवायला लावले होते. बंदरातल्या कुठल्याही जहाजावर चढून तपासणी करायची. धोका दिसला तर ते अडवायचं नाहीतर बाहेर काढायचं. कप्तानाने ऐकलं नाही तर जहाजाचे दोर कापून ते ओढून न्यायचं. धक्का रिकामा करायचा, कुणालाही फाटकाबाहेर घालवायचं. बाबा सगळं ऐकून म्हणाले, एवढी मोठी जहाजं हिचं ऐकणार आणि घरातलं मांजर हिला जुमानत नाही. सगळ्यात जास्त हसला तो मास्तर. तुमचं लग्न तेव्हा नवीन होतं. तुझ्यासाठी त्याने लांबच्या सफरींची नोकरी सोडून बंदरात जहाजं ओढणारी टग चालवायला घेतली होती, आणि रोज जेवायला घरी येणारा दर्यावर्दी म्हणून सगळे त्याची चेष्टा करायचे. शाळेत आयुष्यभर मास्तरांचा मार खाल्ला आणि शेवटी स्वतःच टगमास्तर झालो, हे त्याचंच वाक्य. तेच नाव मग घरीदारी चिकटलं.

खताचं जहाज दोन नंबरच्या धक्क्याला लागलं होतं. दुपारी त्याच्या पोटातून धूर यायला लागला. आधी पांढरा होता, मग पिवळट झाला. ते खत तापलं तर काय होतं, हे आम्हाला शिकवलेलं असतं. धक्क्याच्या मागे तेलाच्या टाक्या आहेत, टाक्यांच्या मागे आपली वस्ती, आणि वस्तीच्या कडेला शाळा, हे शिकवायची गरज नव्हती. मी वर चढून कप्तानाला सांगितलं की जहाज आत्ताच्या आत्ता बाहेर काढायचंय. तो म्हणाला, मालकांशी बोलतो. मालक फोनवर म्हणाले, अग्निशमनवाल्यांना पाणी मारू द्या, माल वाचेल. कप्तान वाईट माणूस नव्हता, त्याला नोकरी टिकवायची होती. मी लेखी हुकूम त्याच्या हातात दिला, त्याची माणसं उतरवली आणि दोर कापायला कुऱ्हाडी मागवल्या. तो सगळ्यात शेवटी उतरला आणि माझ्याकडे न बघता निघून गेला. इथवर जे केलं ते सगळं माझ्या अधिकारातलं होतं.

पण दोर कापले की आपोआप चालायला जहाज म्हणजे काही बैलगाडी नव्हे. इंजिन बंद, वर माणूस नाही, म्हणजे ओढायला टग हवी. मोठी टग दुसऱ्या जहाजाला आणायला खाडीच्या तोंडापाशी गेली होती. आत होती ती मास्तरची. मी बोलावायच्या आधीच त्याने ती धक्क्याला आणून लावली होती आणि इंजिनवाल्याला घेऊन माझ्यासमोर उभा होता. खलाशी त्या दिवशी रजेवर होता.

नंतरचं तुला ठाऊक आहे. त्यांनी जहाज बंदराच्या दगडी भिंतीपलीकडे नेलं. टगच्या आकड्यातून दोर सुटेना. मास्तरने इंजिनवाल्याला छोट्या होडीत उतरवून दिलं आणि म्हणाला, दोर कापून आलोच. होडी थोडी लांब गेली असेल नसेल, तेवढ्यात स्फोट झाला. काचांशिवाय गावाचं काही गेलं नाही. टाक्यांना ओरखडासुद्धा नाही. इंजिनवाल्याला पाण्यातून काढला तेव्हा त्याचे दोन्ही हात भाजलेले होते आणि आवाज फुटत नव्हता. मास्तर सापडला नाही.

त्या संध्याकाळी तू माझ्या दारात आलीस आणि एवढंच विचारलंस, "तू पाठवलंस त्याला?" मी म्हटलं, "हो. मी हुकूम दिला." तू वळून गेलीस, त्यानंतर आजपर्यंत आपण बोललो नाही. चौकशी समितीपुढेही मी तेच सांगितलं. त्यांच्यातल्या एकाने कायद्याचं पुस्तक पुढे सरकवून विचारलं की टगमास्तरला आगीच्या तोंडी जायचा हुकूम तुम्ही कोणत्या कलमाखाली दिलात. मी म्हटलं, आत्ता आठवत नाही. आठवण्यासारखं काही नव्हतंच. जहाजाला हुकूम देता येतो, टगलाही देता येतो, पण माणसाला मरायला पाठवता येईल असं कलम त्या पुस्तकात कुठेच नाही. जहाज हलवलं ते योग्यच होतं, असं त्यांनी लिहिलं. खाली शेरा मारला की अधिकाऱ्याने अधिकाराबाहेरचा हुकूम दिला. पुढच्या महिन्यापासून मी गोदामांकडे. खुर्ची बदलायचं मला काही वाटत नाही. तिथल्या खिडकीतून पाणी दिसत नाही, हे बरंच आहे.

धाकटे, मी त्याला हुकूम दिला नव्हता. धक्क्यावर मी त्याला म्हटलं, "हा हुकूम नाही. मला तसा अधिकार नाही. नाही म्हणालास तर कुणी तुला बोल लावणार नाही." त्याने विचारलं, मोठी टग किती लांब आहे. मी म्हटलं, यायला उशीर होईल. त्याने एकदा जहाजाकडे पाहिलं, एकदा टाक्यांकडे. तो काही विचार करत होता असंही मला वाटलं नाही. एखाद्याने चप्पल कुठे काढली ते बघावं, तसं पाहिलं त्याने. मग म्हणाला, "मग विचारत काय बसलीस ताई, दोर टाक." आणि टगवर पाय ठेवता ठेवता मागे वळून म्हणाला, "घरी मात्र सांग, तू हुकूम दिलास म्हणून. स्वतःहून गेलो हे कळलं, तर ती मला घरात घ्यायची नाही." हसत होता. मागे धक्क्यावरून पाण्यात पडलेल्या त्या हमालाला काढायला त्याने उडी मारली, तेव्हा तू त्याच्याशी बोलणं टाकलं होतंस आणि पुन्हा आपणहून पुढे होणार नाही अशी शपथ घ्यायला लावली होतीस. त्याचीच ती चेष्टा होती. मीही हसले असेन. हसले का, ते मला आठवत नाही. तू दारात येऊन विचारलंस तेव्हा ती चेष्टा राहिली नव्हती, त्याचा शेवटचा निरोप झाली होती. शिवाय मला वाटलं, कुणावर तरी चिडल्याशिवाय तुझे दिवस जाणार नाहीत, आणि जो नाही त्याच्यावर चिडण्यापेक्षा जी आहे तिच्यावर चिडणं सोपं. मी आहे. मला त्याचं ओझंही झालं नाही. खरं तर हल्ली कशाचंच होत नाही.

तरी आज लिहिलं, कारण ते सारं ऐकणारा तिसरा माणूस परवा हॉस्पिटलातून घरी आला. इंजिनवाल्याचा आवाज परत आलाय, घोगरा आहे, पण बोलतो. मी त्याला गप्प राहायला सांगितलं. तो म्हणाला, "समितीपुढे नाही बोलणार, पण वहिनींना खोटं ऐकवून जगता यायचं नाही मला." तो रविवारी तुझ्याकडे यायचाय. त्याच्या तोंडून हे अचानक अंगावर येऊ नये म्हणून आधी मी सांगितलं, बाकी काही मागणं नाही. राग माझ्यावर ठेव, मास्तरवर ठेव, तुझं तू बघ. फक्त इंजिनवाल्याला दारातून परत पाठवू नकोस. त्याला बसायला दे. आणि चहा दिलास तर कप हातात देऊ नकोस, समोर टेबलावर ठेव आणि तू आत निघून जा. त्याची बोटं अजून मिटत नाहीत, आणि कुणी बघत असलं की तो पीत नाही.

तुझीच,
ताई