गॅरेज वन्संना, टेप मुलाला

मी, वय एकाहत्तर, आधी शाळेत भूगोल शिकवणारी आणि गेली नऊ वर्षं स्वतःच्या गॅरेजात सुतारकाम करणारी, हे मृत्युपत्र राजीखुशीने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवते. दबाव आणायचा प्रयत्न मुलाने केला होता. पण तो वडिलांवर गेला आहे, दोन वाक्यांत दमतो. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचं काही कारण नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी मीही वर्गाला हेच सांगत असे, म्हणून हा कागद.

याआधी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात गॅरेज मुलाच्या नावे होतं. तेव्हा त्यात फक्त गाडी राहत होती.

कलम १. राहतं घर, त्यातलं सामान आणि बँकेत जे काही असेल ते सून आणि मुलगा यांना समान वाट्याने द्यावं. सुनेचं नाव आधी आलं आहे ते चुकून आलेलं नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी, कारण घरात वाचता वाचता न रडणारी तीच एक आहे.

कलम २. गॅरेज, त्यामागची छोटी खोली आणि न्हाणीघर. इथे जरा सविस्तर लिहिणं भाग आहे, वकीलबाईंनी माफ करावं.

आमचे हे गेल्यावर महिन्याच्या आत मी त्यांची गाडी विकली. मला ती चालवता येत नव्हती, आणि त्यांनाही फारशी येत नव्हती असं माझं मत आहे. यावरून माझ्या नणंदबाई, म्हणजे ह्यांची धाकटी बहीण, यापुढे नुसतं ‘वन्सं’, घरी येऊन उंबऱ्यावरच उभ्या राहिल्या.

“वहिनी, दादाची गाडी विकलीस? उद्या त्याचा फोटोही विकशील!”

“फोटोला गिऱ्हाईक मिळायचं नाही, वन्सं.”

यावर अबोला झाला. मला ह्यांची आठवण येत नव्हती असं नाही. रोज संध्याकाळी शटर वाजल्याचा भास व्हायचा. त्या रिकाम्या जागेकडे बघवेना, म्हणून तिथे काहीतरी भरायचं ठरवलं. जमिनीवरचे तेलाचे डाग भुशाने घासून काढले, छताला दोन ट्यूबलाइट लावल्या आणि भिंतीवर प्लायवूड ठोकून प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा रंगवली. करवतीच्या जागी करवत, पटाशीच्या जागी पटाशी. भूगोलाच्या बाईला नकाशाशिवाय चैन पडत नाही. पहिलं स्टूल पूर्ण झालं त्या दिवशी वन्सं आल्या, भावाच्या जागेचा काय उकिरडा केलाय ते बघायला. स्टुलावर बसल्या आणि डुलल्या.

“याचा एक पाय लंगडा आहे.”

“तुमचाही आहे. मी काही बोलले का?”

दुसऱ्या दिवशी त्या घरून जुना एप्रन घेऊन आल्या. तेव्हापासून रोज दुपारी येतात, माझ्या प्रत्येक सांध्याला नावं ठेवतात आणि मग तोच सांधा माझ्याहून सफाईने घासून देतात. त्या डावखुऱ्या आहेत, त्यामुळे एकाच फळीवर आम्ही समोरासमोर बसून काम करू शकतो. कोपराला कोपर लागत नाही. तोंडाला तोंड लागतं, पण ते कामाच्या आड येत नाही.

आता कामाच्या मोठ्या टेबलाबद्दल, कारण कायद्याचा मुद्दा त्यातच आहे. ते टेबल आम्ही दोघींनी बनवलं आणि हलू नये म्हणून भिंतीला आणि जमिनीला बोल्ट मारून पक्कं केलं. दोघींनी दोनदा माप घेतलं. वन्सं दार ओढून घेऊन घरात चहा करायला गेल्या, तेवढ्यात मी टेबल भिंतीला सरकवून बोल्ट आवळले. कप घेऊन परत आल्या तर दार उघडेना. स्वयंपाकघरातून गॅरेजात येण्याचं दार गॅरेजच्या बाजूला उघडतं, हे दोघींच्याही ध्यानात आलं नव्हतं. कारण माप घेताना दोन्ही वेळा ते सताड उघडं होतं आणि आम्ही त्यालाच टेकून उभ्या होतो. वन्सं दोन कप घेऊन रस्त्याने वळसा घालून आल्या. चहा गार झाला होता, त्या मात्र चांगल्याच तापल्या होत्या. चूक कोणाची हा वाद अद्याप न्यायप्रविष्ट आहे.

त्या दिवसापासून घर आणि गॅरेज यांच्यात जाण्या-येण्याची वाट नाही. गॅरेजला रस्त्याकडून स्वतंत्र दार, मागे खोली, नळ आणि न्हाणी आहे. वकीलबाई म्हणाल्या, “वा, वाटणीला किती सोयीचं!” आमच्या हातून इतकी उपयोगाची दुसरी चूक झालेली नाही.

मुलाच्या मनात ती जागा एखाद्या दुकानाला भाड्याने द्यायची आहे. तो हल्ली गॅरेजात येतो तेव्हा माझी विचारपूस करता करता टेप काढून भिंती मोजतो. म्हणून माझा पाच मीटरचा टेप त्याला द्यावा. मोजायची आवड आहे, मोजत राहावं. बाळा, रागावू नकोस. तुला छप्पर आहे. ज्यांना राहणार नाही त्यांचं आधी बघते आहे.

वन्संचा मुलगा लहान घरात चालला आहे. “आईचं बघू,” असं तो म्हणाला. ‘बघू’ हा शब्द मी छत्तीस वर्षं शिक्षकांच्या खोलीत ऐकलेला आहे, त्याचा अर्थ मला ठाऊक आहे. हे वन्संनी मला सांगितलं ते मान वर न करता, पॉलिश पेपर फिरवत. ती फळी त्यांनी इतकी घासली की शेवटी फेकून द्यावी लागली. मी सरळ म्हटलं, “इथे या राहायला.” त्यावर त्या ताडकन उठल्या. “मी कोणाच्या उपकाराखाली राहणार नाही, वहिनी. तुझ्या तर नाहीच.” दोन दिवस आल्या नाहीत. ते दोन दिवस मी नुसती स्टुलावर डुलत बसले होते.

तिसऱ्या दिवशी मी त्यांना निरोप धाडला: एका दिवाणाची ऑर्डर आली आहे, गिऱ्हाईक फार चिकित्सक आहे, एकटीला झेपणार नाही. वन्सं हजर!

गिऱ्हाईकाच्या अटी मीच एकेक सांगत गेले. गुडघे दुखतात, तेव्हा उंची बेताची हवी. खण डाव्या हाताला हवेत. उशाशी चष्मा ठेवायला कप्पा हवा. वन्सं करवादल्या, “कोण आहे तरी कोण हा नखरेल माणूस?”

“तुमच्याच वयाचं आहे. स्वभावही तसाच.”

“मग काही खरं नाही,” असं म्हणून त्यांनी कप्प्याच्या कडा गोल केल्या, रात्री चाचपडताना हाताला लागू नयेत म्हणून. त्या कडांवरून हात फिरवताना माझे डोळे भरून आले. भुसा गेला असं सांगितलं.

तर, गॅरेज, मागची खोली, न्हाणी, सगळी हत्यारं (या कागदात वेगळी दिलेली सोडून) आणि सदर दिवाण मी वन्संना कायमच्या पूर्ण मालकी हक्काने देते. वन्सं, हा उपकार नाही. नऊ वर्षं तुम्ही फुकट घासकाम केलंत, आणि दिवाण दुसऱ्या कोणाच्या मापात बसत नाही.

कलम ३. वन्संनी ‘मला नको’ म्हटल्यास वरील सर्व शेजारच्या दातवाल्या डॉक्टरांना जावं. त्यांनी वन्संचा किडका दात शाबूत ठेवून बाजूचा चांगला दात काढला होता, हे उभी गल्ली जाणते. वन्सं, ते तिथे आपली स्कूटर ठेवतील आणि तुमच्या टेबलावर तिचे सुटे भाग. बघा बुवा.

कलम ४. ड्रिल मशीन सुनेला. मला चोरून ती ते वापरते हे मला ठाऊक आहे. दिवाणखान्यातल्या भिंतीला भोकं काही उंदरांनी पाडलेली नाहीत.

कलम ५. आमच्या गॅरेजचा नियम असा, की हत्यार उसनं न्यायचं तर त्याच्या खिळ्यावर आपली एक चप्पल टांगून जायचं. दातवाले डॉक्टर फळ्या आवळायचा शिकंजा घेऊन गेले ते गेलेच, आणि चपलांचा नवा जोड घेऊन मोकळे झाले. त्यांची चप्पल शिकंजा परत आल्याशिवाय देऊ नये.

कलम ६. माझा रंधा मी कोणालाही देत नाही. तो वन्संना फक्त उसना मिळेल, नियमाप्रमाणे. त्यांनी आपली एक चप्पल माझ्या खिळ्यावर टांगावी आणि रंधा परत करायची वेळ येईपर्यंत ती तिथेच राहू द्यावी. एका चपलेवर बाई फार लांब जात नाही. एवढंच मला हवं आहे.

सही करण्यापूर्वी आणखी एक नोंद. हे लिहीत असतानाच वन्सं आत आल्या. “काय खरडते आहेस?” मी म्हटलं, गिऱ्हाईकाला कळवते आहे की दिवाण तयार आहे.

“मुळीच तयार नाही. पॉलिशचा शेवटचा हात बाकी आहे, मग वाळायला हवं. घाई करू नको म्हणावं त्याला.”

मी म्हटलं, “वन्सं, घाई मलाही नाही.”

सही: (लिहून ठेवणारी, हात स्थिर)

साक्षीदार पहिले: हार्डवेअरच्या दुकानाचे मालक. समक्ष सही केली. हसत होते.

साक्षीदार दुसऱ्या: घरच्या डॉक्टरीणबाई. बुद्धी ठणठणीत, जीभ गरजेपेक्षा जास्त ठणठणीत, असा शेरा देऊन सही केली.

दातवाले डॉक्टर साक्षीला तयार होते. परंतु ज्याला मिळण्याची आशा आहे त्याने साक्ष देऊ नये, असं वकीलबाईंचं मत पडलं.

तारीख: शस्त्रक्रियेच्या आधीचा गुरुवार.

स्थळ: गॅरेज. आतलं दार उघडत नाही, रस्त्याकडून यावं.